पोटातली चरबी गप्प नसते

शिलाईच्या टेपला दोन बाजू असतात, एकीकडे इंच आणि दुसरीकडे सेंटिमीटर. सोलापुरात ही टेप शोधायला लांब जावं लागत नाही. शाळांचे युनिफॉर्म शिवणारं हे गाव. पूर्व भागात यंत्रमागाच्या खटखटाटाला लागून असलेल्या खोलीतही एखादं शिलाई मशीन असतं आणि त्याच्या खुंटीला टेप लटकत असते. तिने दिवसभर दुसऱ्यांची छाती, खांदा, बाही मोजली जाते. स्वतःच्या पोटाभोवती ती क्वचित फिरते आणि फिरली तरी बहुतेकदा चुकीच्या जागी.

पुरुषांचं चुकतं ते पँटमुळे. पोट सुटलं की पट्टा पोटाखाली सरकतो, पँटचा नंबर तोच ३४ राहतो आणि दहा वर्षांत कंबर वाढलेलीच नाही असं माणूस मनापासून सांगतो. बायकांचं चुकतं ते परकराच्या नाडीमुळे. नाडीचा वळ जिथे उमटतो तीच कंबर असं धरून टेप त्या खाचेत बसते आणि चार बोटं वरचा खरा घेर मोजायचा राहून जातो.

खरी जागा अशी शोधायची. पावलांत वीतभर अंतर ठेवून सरळ उभं राहायचं. काखेच्या रेषेत बोट दाबत खाली यायचं आणि शेवटची बरगडी संपते तिथे पेनाने खूण करायची. मग कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपून तिथे दुसरी खूण. दोन खुणांच्या बरोबर मधोमध टेप, कापडावरून नाही, अंगावर. पुढून-मागून जमिनीला समांतर. कातडीला टेकलेली, पण रुतलेली नाही. पोट आत ओढायचं नाही. नेहमीसारखा श्वास सोडायचा आणि तो संपताना आकडा वाचायचा. दोनदा मोजायचं, एक सेंटिमीटरहून जास्त फरक पडला तर तिसऱ्यांदा. कापडी टेप जुनी झाली की ताणते आणि ताणलेली टेप घेर कमी दाखवते, म्हणून आधी ती स्टीलच्या पट्टीशेजारी धरून बघावी.

भारतीय पुरुषांसाठी धोक्याची रेघ ९० सेंटिमीटरवर आहे, बायकांसाठी ८० वर. म्हणजे इंचांत सुमारे साडेपस्तीस आणि साडेएकतीस. बॉडी मास इंडेक्सची (किलोंतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) रेघही आपल्यासाठी खाली आहे: २३ पासून वजन जास्त, २५ पासून लठ्ठपणा. युरोपातल्या माणसासाठी हेच आकडे २५ आणि ३० आहेत. आपल्याला ही सवलत का मिळाली नाही, याचं उत्तर चरबीच्या किलोंमध्ये मिळत नाही. ती चरबी कुठे बसली आहे आणि तिथून ती काय बोलते आहे, त्यात ते आहे.

विड्या वळणाऱ्या बाईचं उदाहरण घ्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, हजार विड्यांचा हिशेब पुरा होईपर्यंत एका जागी मांडी घालून बसणं. समजा उंची १५० सेंटिमीटर आणि वजन ५० किलो. बॉडी मास इंडेक्स येतो २२.२, कागदावर अगदी ठीक. दंड बारीक, पिंढऱ्या बारीक, शेजारणी म्हणतात, “अंगात काही नाही हो हिच्या.” पण टेप लावली तर घेर ८५. वजनकाटा तिला सुखरूप म्हणतो आणि टेप धोक्यात. इथे टेपवर विश्वास ठेवायचा. काटा हाड, स्नायू, पाणी, चरबी सगळं एकत्र तोलतो. स्नायू कमी आणि पोटात चरबी जास्त असेल तर बेरीज नेहमीसारखीच येते.

या गोष्टीचा सगळ्यात बोलका पुरावा एका छायाचित्रात आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास १९९३ पासून केला. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपलं बाळ लहान, पण त्याच्यात कमी पडले होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. कातडीखालची चरबी बरीचशी टिकून होती. बारीक तरीही चरबीदार, ही ठेवण आईच्या पोटातूनच येते. कुणाच्या आळसावर तिचं खापर फोडणं मला अन्यायाचं वाटतं.

आता त्या चरबीच्या आत जाऊ या. सूक्ष्मदर्शकाखाली चरबीची पेशी म्हणजे तेलाचा एकच मोठा थेंब. पेशीचं केंद्रक, ऊर्जा काढणारे मायटोकॉन्ड्रिया, बाकीचं सगळं सामान कडेला दाबलं गेलेलं, अंगठीच्या एका बाजूला खडा असावा तसं. मोठ्या माणसात या पेशींची संख्या फारशी बदलत नाही; वर्षाला सुमारे दहा टक्के मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात. म्हणून वजन वाढतं तेव्हा बहुतेक वेळा पेशी वाढत नाहीत, आहेत त्या फुगतात. सुताच्या गोडाऊनमध्ये नवी खोली न बांधता आहे त्याच खोलीत गाठी रचत जावं, मधली वाट बुजावी, खिडकी झाकली जावी, तसं हे होतं.

खिडकी इथे खरोखरच झाकली जाते. रक्तवाहिनीतून निघालेला प्राणवायू ऊतींमध्ये शंभर ते दोनशे मायक्रोमीटरपर्यंतच (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) झिरपतो. फुगलेली पेशी एकटीच दीडशेच्या पुढे जाऊ शकते आणि चरबी वाढते त्या प्रमाणात नव्या रक्तवाहिन्या फुटत नाहीत. पेशी गुदमरते. गुदमरलेली पेशी मदतीसाठी रासायनिक हाका मारते आणि त्या ऐकून रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे येतात, मॅक्रोफेज म्हणजे गिळणाऱ्या पेशी होतात. मरणाऱ्या पेशीभोवती त्या मुकुटासारखं कडं करून बसतात आणि सांडलेलं तेल गिळत राहतात. बारीक माणसाच्या चरबीत दहातली एखादी पेशी मॅक्रोफेज असते. फार लठ्ठ माणसात हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास जातं. हे चित्र २००३ मध्ये स्पष्ट झालं आणि चरबीकडे बघण्याची नजरच बदलली. जखम नाही, पू नाही, ताप नाही, तरी दाह आहे. तो मंद असतो, राखेखालच्या निखाऱ्यासारखा, आणि वर्षानुवर्षं चालतो.

या जमावातून दोन रसायनं सगळ्यात जास्त त्रास देतात. दोन्ही दाहाचे निरोप नेणारी. एक टीएनएफ-अल्फा. लठ्ठ उंदरांच्या चरबीत ते जास्त बनतं आणि इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतं, हे १९९३ मध्ये दिसलं. इन्सुलिन पेशीच्या दाराशी येतं, निरोप देतं, पण आत तो निरोप पुढे नेणाऱ्या प्रथिनावर फॉस्फेट नको त्या जागी चिकटलेलं असतं आणि निरोप तिथेच अडतो. दुसरं इंटरल्यूकिन-६. माणूस स्वस्थ बसलेला असताना रक्तातलं जवळजवळ एक तृतीयांश इंटरल्यूकिन-६ चरबीतून आलेलं असतं. आतड्यांभोवतीच्या चरबीचं रक्त पोर्टल शिरेतून थेट यकृतात जातं, म्हणून पोटातली चरबी मांडीवरच्या चरबीहून जास्त नडते. यकृत या निरोपाला उत्तर म्हणून सीआरपी हे प्रथिन बनवतं, आणि लॅबच्या कागदावर आपल्याला दिसतो तो हाच आकडा.

पण चरबी फक्त संकटातच बोलते असं नाही. निरोगी चरबीही दिवसरात्र हार्मोन सोडत असते. त्यातलं लेप्टिन सर्वांत प्रसिद्ध. १९४९ मध्ये अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत उंदरांची काही पिल्लं जन्मली, जी खातच सुटली आणि भावंडांच्या तिप्पट झाली. त्यांच्यात काय बिघडलंय हे कळायला १९९४ उजाडलं. न्यूयॉर्कच्या जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेला ते जनुक सापडलं. चरबीतून मेंदूला जाणारा एक निरोप या उंदरांत बनतच नव्हता. त्याला लेप्टिन नाव दिलं, ग्रीक भाषेतल्या ‘बारीक’ या अर्थाच्या शब्दावरून. तेव्हा जगभर आशा पसरली की इंजेक्शन दिलं की लठ्ठपणा जाईल. ज्या मोजक्या मुलांमध्ये लेप्टिन जन्मतः बनत नाही त्यांना इंजेक्शनने विलक्षण गुण आला. बाकीच्यांना आला नाही, कारण लठ्ठ माणसाच्या रक्तात लेप्टिन कमी नसतं, उलट भरपूर असतं. मेंदू त्याला दाद देईनासा झालेला असतो.

लेप्टिनबद्दल एक समज मात्र अजून सर्रास चुकतो. ते ‘पोट भरलं’ सांगणारं हार्मोन म्हणून ओळखलं जातं. त्याचा खरा जोर उलट दिशेने आहे: ते कमी झालं की मेंदू दुष्काळ पडला असं समजतो. कडक उपवास केला तर चरबी नावापुरती कमी झालेली असते, पण लेप्टिन एक-दोन दिवसांतच झपाट्याने घसरतं. भूक पेटते, अंग ऊर्जा वाचवायला लागतं, थंडी वाजते, चिडचिड होते. नवरात्राच्या नऊ दिवसांत काट्यावर तीन किलो उतरले आणि दिवाळीच्या आत परत आले, तर त्यात इच्छाशक्तीचा दोष शोधू नये. त्या तीन किलोंत पाणी बरंच होतं, आणि परत येताना मेंदूने आपलं नेमून दिलेलं काम केलं.

दुसरं हार्मोन ॲडिपोनेक्टिन, १९९५ च्या सुमाराला सापडलेलं. माझ्या मते लेप्टिनपेक्षा आपल्या लोकांसाठी हे जास्त महत्त्वाचं आहे, पण त्याचं नाव कुणी घेत नाही. रक्तात ते लेप्टिनच्या साधारण हजारपट असतं. स्नायूंना चरबी जाळायला लावतं, यकृताला साखर सोडण्यापासून आवरतं, रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावरचा दाह शांत करतं. चरबीतूनच येतं, तरी चरबी वाढली की हे कमी होतं. कारण छोट्या, मोकळ्या पेशी ते बनवतात. फुगलेल्या आणि दाह झालेल्या पेशींना ते जमत नाही. सारख्याच बॉडी मास इंडेक्सच्या युरोपीय माणसापेक्षा दक्षिण आशियाई माणसात ते कमी आढळतं. विडी वळणाऱ्या त्या बाईच्या २२.२ या आकड्याआड ही उणीव लपलेली असू शकते.

आणि इथेच ऑक्सिडेटिव्ह ताण येतो. मायटोकॉन्ड्रिया अन्नातले इलेक्ट्रॉन एकापुढे एक ढकलत ऊर्जा काढतात. मागणी नसताना पुरवठा कोंबला तर साखळी तुंबते, इलेक्ट्रॉन मध्येच निसटतात आणि प्राणवायूला चिकटून सुपरऑक्साइड तयार होतं, आसपासच्या रेणूंना इजा करणारं. ते विझवण्यापेक्षा जास्त बनू लागलं की त्याला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. फुगलेल्या पेशीच्या आवरणावरचं एनएडीपीएच ऑक्सिडेज हे एन्झाइमही तेच बनवतं. त्याच वेळी ते विझवणारी एन्झाइम्स, म्हणजे सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटलेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज, लठ्ठपणातल्या चरबीत कमी पडतात. हे सुपरऑक्साइड ॲडिपोनेक्टिन बनवणं बंद पाडतं आणि दाहाची जनुकं चालू करतं. दाहाने आलेले मॅक्रोफेज आणखी सुपरऑक्साइड सोडतात. रहाट असा फिरत राहतो. दाहामुळे ताण की ताणामुळे दाह, हा प्रश्न काही महिन्यांनी निरर्थक होतो. दोन्ही एकमेकांना पोसतात.

मग अँटिऑक्सिडंटच्या, म्हणजे हा ताण विझवतो म्हणणाऱ्या, गोळ्या घ्याव्यात का? औषधाच्या दुकानात त्या आकर्षक डब्यांत मिळतात आणि लोक चांगल्या हेतूने पैसे घालवतात. २००९ मधला एक जर्मन प्रयोग इथे आठवावा. तरुण पुरुषांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. निम्म्यांना रोज १००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि ४०० युनिट ई जीवनसत्त्व दिलं. गोळ्या न घेणाऱ्यांमध्ये इन्सुलिनचं काम सुधारलं, ॲडिपोनेक्टिन वाढलं. गोळ्या घेणाऱ्यांमध्ये व्यायामाचा हा फायदाच पुसला गेला. व्यायामात तयार होणारे थोडेसे फ्री रॅडिकल्स, म्हणजे सुपरऑक्साइडसारखे रेणू, शरीराला स्वतःची एन्झाइम्स वाढवायला सांगतात. गोळीने तो निरोपच दाबला. पेरू, आवळा, शेपू, अंबाडी खाण्याला ही हरकत लागू नाही.

चरबी काढूनच टाकली तर? तेही करून पाहिलं गेलं आहे. २००४ मध्ये अमेरिकेत पंधरा लठ्ठ स्त्रियांच्या पोटाच्या कातडीखालून लायपोसक्शनने, म्हणजे नळीने ओढून, जवळजवळ दहा किलो चरबी काढली. दहा ते बारा आठवड्यांनी तपासलं तर इन्सुलिनचं काम, सीआरपी, टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६, ॲडिपोनेक्टिन, काहीच हललं नव्हतं. पोटाच्या आतली चरबी तिथेच होती आणि उरलेल्या पेशी तशाच फुगलेल्या होत्या. उलट, लायपोडिस्ट्रॉफी या दुर्मीळ आजारात अंगावर चरबीच नसते, तरी त्या रुग्णांना तीव्र मधुमेह आणि फॅटी लिव्हर होतो, कारण तेल ठेवायला सुरक्षित जागाच नाही. पायोग्लिटाझोन हे मधुमेहाचं औषध कातडीखाली नव्या छोट्या चरबीपेशी तयार करवतं: वजन वाढतं आणि साखर उतरते. तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की कळतं, चरबी शत्रू नाही. कोंबलेली, गुदमरलेली पेशी रिकामी करायची आहे.

पेशी रिकामी होते ती रोज थोडी ऊर्जा कमी पडली तर. एक किलो चरबीत सुमारे ७७०० किलोकॅलरी असतात. रोज ३०० ते ४०० ची तूट ठेवली तर महिन्याला एक ते दीड किलो, आणि लेप्टिनही धडकन आदळत नाही. ७० किलोच्या माणसाने साडेतीन किलो उतरवले, म्हणजे पाच टक्के, की यकृतातली चरबी आणि इन्सुलिनचं काम सुधारतं. सीआरपी एवढ्यात हलेलच असं नाही. दाहाचे आकडे उशिरा उतरतात, त्यांना बहुधा दहा टक्क्यांच्या पुढे जावं लागतं. पाच टक्क्यांवर रिपोर्ट तसाच आला म्हणून कित्येक जण सोडून देतात. तिथे सोडू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगावं, नाहीतर साखर अचानक खाली जाते.

ही तूट सोलापूरच्या ताटात शोधायला जड नाही. ज्वारीची भाकरी काढून टाकायची गरज नाही. ५० ग्रॅम पिठाची भाकरी म्हणजे पावणेदोनशेच्या आसपास किलोकॅलरी आणि जवळजवळ पाच ग्रॅम चोथा. कडक भाकरी तर सावकाश चावावी लागते, हा तिचा गुणच. गडबड भाकरीवर नसते, भाकरीसोबत असते. शेंगाचटणीचा एक सपाट मोठा चमचा ८० किलोकॅलरीचा. त्यावर तेल ओतून कालवली की प्रत्येक छोट्या चमच्याचे ४५ आणखी. असं तीन वेळा घेतलं तर सगळी तूट तिथेच भरून निघते. चटणी सोडू नका, मोजून घ्या आणि तेलाऐवजी दह्यात कालवा. तेलाचा हिशेब महिन्याचा ठेवावा: माणशी अर्धा लिटर, चार माणसांना दोन. पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर कुठे कापायचं ते आपोआप कळतं. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातली भजी वेगळ्याच कारणाने टाळायची. ते तेल आधीच ऑक्सिडाइझ झालेलं असतं. प्रत्येक जेवणात मटकी, डाळ, अंडं, ताक यांपैकी काहीतरी ठळकपणे हवं, नाहीतर वजनाबरोबर स्नायू उतरतो आणि आपल्याकडे तो मुळातच कमी आहे.

स्नायू हे दुसरं टोक. चालताना स्नायूही इंटरल्यूकिन-६ सोडतो, पण तो थोड्या वेळापुरता आणि दाह शमवणारा. तोच रेणू चरबीतून मंद गळत राहिला तर जाळतो आणि स्नायूतून झटक्यात आला तर विझवतो. शरीरातली ही गोष्ट मला फार सुंदर वाटते. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो तेव्हा सिद्धेश्वर तलावाच्या काठी साडेपाचला निघावं, सातच्या आत घरी. जेवणानंतर दहा मिनिटं अंगणात चाललं तरी साखरेची उसळी कमी होते. विडी, शिलाई, माग, दुकानाचा गल्ला, काम कुठलंही असो, अर्ध्या तासाने उठून दहा वेळा उठबस करावी. मांडी घालून बसणाऱ्यांनी आधार न घेता जमिनीवरून उठायचा सराव करावा. रात्रपाळीवाल्यांनी झोप तोडू नये: तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं तेव्हा लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं आणि भूक वाढवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं.

तपासण्यांबद्दल थोडं. लेप्टिन आणि ॲडिपोनेक्टिन मोजून देणाऱ्या लॅब आहेत, पण त्या आकड्याने उपचारात काही बदलत नाही. ते पैसे वाचवावेत. उपाशीपोटी साखर, एचबीएवनसी (सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर), ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) आणि रक्तदाब पुरेत. ट्रायग्लिसराइड १५० च्या वर आणि एचडीएल पुरुषात ४० च्या, बाईत ५० च्या खाली अशी जोडी दिसली तर पोटातली चरबी बोलते आहे असं समजावं. एचएस-सीआरपी, म्हणजे सीआरपीची जास्त बारीक मोजणी, करायचंच असेल तर १ च्या खाली चांगलं, १ ते ३ मधलं, ३ च्या वर जास्त. १० च्या वर आलं तर तो बहुधा चरबीचा आवाज नाही, कुठेतरी संसर्ग आहे. दोन-तीन आठवड्यांनी परत करावं. सर्दी, दुखरी दाढ, हिरड्यांतून येणारं रक्त, नुकतीच झालेली इजा, यातलं काहीही हा आकडा फुगवतं.

टेप महिन्यातून एकदाच लावावी, सकाळी, शौचानंतर, काही खाण्याआधी. रोज मोजलं तर गॅसचा आणि पाण्याचा चढउतार दिसतो, चरबीचा नाही. बायकांनी पाळीच्या आधीचे चार दिवस टाळावेत. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये त्या तारखेच्या चौकोनात लिहावा. पहिले दोन महिने वजन अडकून राहील आणि घेर दोन सेंटिमीटरनं उतरेल असंही होतं. पोटातली चरबी आधी हलते आणि नवा स्नायू काट्यावर तिची जागा भरून काढतो. त्या महिन्यात काटा कपाटावर ठेवून द्यावा. नाडीचा वळ पूर्वीपेक्षा फिका उमटतोय का तेही बघावं, आणि रक्त तपासायला दिलं असेल तर त्याच चौकोनात लिहून ठेवावं, त्या दिवशी सर्दी होती का.